सातऱ्यावरची नावं

विशाखा, तुझ्या सरांच्या डोळ्यांत गेल्या महिन्यात मिरची गेली. आधी हे सांगते, बाकीचं मागून.

मी घातली नाही. जाऊ दिली. या दोन्हींत किती अंतर आहे ते तुला बरोबर कळायचं, म्हणून तुझ्याशीच बोलतेय. तू असतीस तर तेलाची वाटी घेऊन धावली असतीस आणि वर मला, मोठ्या बहिणीलाच, रागावली असतीस, "बाई, पाहुणा माणूस आहे तो." तू नाहीस. मग मला थांबवायला कोण होतं?

तू गेल्यावर पेपरात तुझ्यावर दोन रकाने आले. गावची लेक, परदेशातली शास्त्रज्ञ, गरिबी, जिद्द, सगळं होतं. तू काय शोधलंस तेवढं नव्हतं. पेपरवाला बिचारा लिहिणार कुठून? जे छापलं गेलं ते तुझ्या सरांच्या नावावर आहे. तुझं नाव शेवटी, बारीक अक्षरात, आभारांच्या ओळीत. मला ते पहिल्या जागी हवंय. ते आलं की मी निवांत रडणार आहे. तोवर वेळ नाही.

आपण दोघी मिरचीच्या सातऱ्यावरच वाढलो. मूल गावाच्या रस्त्यावरचं ते पत्र्याचं छप्पर, खाली लाल मिरच्यांचे ढीग आणि प्रत्येक ढिगाभोवती गोल करून बसलेल्या बायका. दिवसभर देठ खुडायचे. माय सकाळीच आपल्या हातांना जवसाचं तेल चोळायची आणि बजावायची, "डोऱ्याले हात लावू नका." मी लावत नसे. तू रोज लावायचीस, रोज रडायचीस आणि रडून झालं की प्रश्न विचारायचीस. छपरावरून पोपट उतरायचे, वाळत घातलेल्या मिरच्या फोडून बिया खायचे. तू मायला विचारलंस, "त्याले काऊन नाई झोंबत?"

"त्यालेच विचार," माय म्हणाली.

शेजारच्या ढिगावरून तानाबाई बोलली, "पोपट शाळेत नाई जात, म्हनून नाई झोंबत. तू जाते ना वं, म्हनून झोंबते." सगळा सातरा हसला. तू हसली नाहीस. तुला उत्तर पाहिजे होतं, आणि ते शोधायला तू थेट समुद्रापलीकडे गेलीस.

मी कुठे गेले नाही. जिथे देठ खुडले तोच सातरा पुढे चालवायला घेतला. तेलंगणाकडून येणाऱ्या दलालांशी भांडून भांडून सौदा शिकले. आपला भाव आधी बोलायचा नाही, समोरच्याला बोलू द्यायचं आणि तो बोलला की गप्प बसायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. माझ्या तोंडाला लोक घाबरतात. पण शकूबाईनं शब्द दिला की फिरवत नाही, हेही तेच लोक सांगतात.

तुझा तो फोन अजून कानात आहे. तिकडे जाऊन तुला काही महिनेच झाले होते. "बाई, सापडला!" तू ओरडलीस. मला वाटलं, नवरा सापडला. निघाला उंदीर. आफ्रिकेत जमिनीखाली बोगदे करून राहणारा, अंगावर केस नाही, कातडी सुरकुतलेली, पुढचे दात ओठांच्या बाहेर, डोळ्यांनी जवळजवळ आंधळा. "आणि बाई, त्याले मिरची झोंबतच नाई!"

"मग दोनचार पाठवून दे," मी म्हटलं. "सातऱ्यावर बसवते. या बायका लय बोलतात."

तू हसत राहिलीस. फोनचे पैसे जात होते तरी मी तुला हसू दिलं.

त्यानंतर दर रविवारी आपला तो खेळ सुरू झाला. तुमच्या प्रयोगशाळेत नळ्या आणि डबे जोडून त्या जनावरांचं गाव केलेलं. प्रत्येकाला नंबर. नंबर तू सांगायचीस, वागणूक तू सांगायचीस, नाव मी ठेवायची. "एक आहे बाई, सगळ्यांच्या अंगावरून चालत जाते, रताळ्याचा तुकडा आला की हीच पहिली." मी म्हणायची, तानाबाई. "एक आहे, माती उकरते ती नेमकी मागचीच्या तोंडावर फेकते." ती देवका. मी नाव आणि नंबर कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सातऱ्यावर बातमी सांगितली की बायकांची करमणूक. देवका रोज विचारायची, "माहा उंदीर कसा आहे वं? खाते का बरोबर?"

आणि तू तुझ्या वह्यांत तीच नावं लिहायला लागलीस. दिवसभराच्या नोंदी, मराठीत, नंबर न घालता. ही तुझी चूक, विशाखा. मी तेव्हाही तसं म्हटलं होतं. तू म्हणालीस, नंबरानं लिहिलं की मला चेहरा दिसत नाही. तुझे सर पुण्याकडचे, मराठीच माणूस, त्यांनी वही उघडून पाहिली आणि चारचौघांत म्हणाले, "ही काय हळदीकुंकवाची यादी आहे का?" सगळे हसले. तूही हसलीस आणि ती गोष्ट मला गंमत म्हणून सांगितलीस. आपल्या बौद्धांच्या घरात कधी हळदीकुंकू झालं? मी हसले नाही. मी ते वाक्य ठेवून दिलं.

पण त्याच वह्यांत तो शोध होता. या जनावराचं नवल तू मला कितीदा सांगितलंस. घरातला उंदीर दोनतीन वर्षांत संपतो, हा तिशीच्या पुढे जातो. वय वाढलं तरी म्हातारपण अंगावर दिसत नाही. राणी असते ती पिल्लं देतच राहते. कर्करोग त्याला क्वचितच होतो. मग कोण आता जाणार, हे बाहेरून पाहून कोणालाच सांगता येत नाही. तुला सांगता यायला लागलं, ते कानानं. ती जनावरं सारखी चिवचिवतात, एकमेकींना हाका देतात, आणि प्रत्येक वसाहतीची बोली वेगळी, आपली आणि सिरोंच्याची असावी तशी. तू वर्षानुवर्षं नळ्यांना कान लावून बसलीस. तुझ्या ध्यानात आलं की जी जायची असते ती हाकेला ओ द्यायला उशीर करायला लागते. खाणं तेच, धावणं तेच, फक्त ओ उशिरा येते. तू सरांना हे सांगितलंस तेव्हा त्यांनी ते कानाआड केलं. वर्षभरानं यंत्र लावून मोजलं आणि छापलं. स्वतःच्या नावानं.

तू फोनवर रडत होतीस. "बाई, मले वापस यायचं आहे."

मी काय बोलले ते मला शब्द न शब्द आठवतं. मी म्हटलं, "नाव घेतल्याबिगर इथी पाय ठेवायचा नाई. लुटल्या गेलेल्या मानसाले मी घरात घेत नाई."

तू म्हणालीस, "भांडनं मले जमत नाई."

"मग शीक," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आठ महिने तू फोन केला नाहीस. मीही केला नाही. मी वाट पाहत होते की समोरचा आधी बोलेल. सौद्यात हे चालतं. बहिणीशी मी तेच केलं, विशाखा. हे मी अजून कोणाजवळ बोललेले नाही.

आठ महिन्यांनी तू आलीस ती आजार घेऊनच. अकरा वर्षं तू ज्या जनावरापाशी बसलीस त्याला जो रोग सहसा होत नाही, तोच तुला झाला. याचा हिशोब कोणाकडे मागायचा? मागता आला असता तर मी सोडलं नसतं. चंद्रपूरच्या दवाखान्यात तू माझ्याकडे तोंड करून पडलेली असायचीस. मी "विशाखा" म्हणायची आणि तू जरा थांबून "हं" म्हणायचीस. रोज थोडी जास्त थांबून. मला वाटलं, अजून रुसलीय. जगाला जे तू शिकवलंस ते माझ्या समोर घडत होतं, आणि मी मनात तुझी समजूत काढायचे शब्द जुळवत होते.

एक दिवस तूच बोललीस. "वह्या सरांले देजो, बाई. त्यांच्याबिगर काम अडून राहीन."

"चोराले?"

"जनावरांले," तू म्हणालीस. "जनावरांच्या कामाले."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "झोप," म्हटलं.

तुझ्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजली वाहायला, सर आले. आदल्या दिवशी मोहर्लीला उतरले होते, सफारी केली, वाघ दिसला म्हणे. विहारात हिरवी टोपी काखेत धरून उभे राहिले आणि बोलले. विशाखा अत्यंत कष्टाळू मदतनीस होती. मदतनीस. भंतेजींच्या शेजारी तुझा फोटो होता, त्याच्याकडे बघत म्हणाले. देवका माझ्या कानाशी लागली, "शकूबाई, उठ ना. काऊन गप बसली?" मी तिचा हात दाबला. मी गप्प बसले की सौदा सुरू झालेला असतो, हे तुला माहीत होतं. त्या माणसाला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते सातऱ्यावर आले, वह्यांसाठी. त्या वह्या मी तोवर वाचून काढल्या होत्या, अकराच्या अकरा, आणि त्यांच्या झेरॉक्सही काढून ठेवल्या होत्या. मी ढिगापाशी बसलेली. त्यांना खुर्ची दिली. त्यांना वाटलं, खाली बसलं तर मी विरघळेन. मांडी घालून बसले आणि बोलता बोलता आमच्यासारखे देठ खुडायला लागले. हातांना तेल न लावता. तेलाची वाटी माझ्या मागे होती. सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिरची खुडत राहिले.

"शकुंतलाताई, त्या वह्या संशोधनाच्या दृष्टीनं फार मोलाच्या आहेत."

"हो का? मले वाटलं हळदीकुंकवाची यादी आहे."

त्यांचा हात थांबला. मग म्हणाले, "तिचं नाव आभारात आहे."

मी गप्प.

"पुढच्या लेखात तिसरं नाव देऊ."

मी गप्प.

"दुसरं. ताई, दुसरं नाव म्हणजे मोठी गोष्ट असते."

"पहिलं कोनाचं असते?"

"ज्यानं लिहिलं त्याचं."

"अन् ज्यानं आयकलं त्याचं?"

 त्यांची बोटं झोंबायला लागली होती. उठून हात कुठे धुऊ, विचारलं. मी नळ दाखवला. शास्त्रज्ञ माणूस, मिरची पाण्यानं जात नाही, तेलानं जाते, हे त्यांना कळायला हवं होतं. याच मिरचीवर आणि याच जनावरावर त्यांनी देशोदेशी भाषणं दिली. त्यांनी हात धुतले, घाम आला म्हणून तोंड पुसलं आणि डोळा चोळला.

मग जे झालं ते पाहायला तू हवी होतीस. पण तू पाहिलं नसतंस, हेही मला माहीत आहे. ते आंधळ्यासारखे खांब धरून उभे, नाक गळतंय. तानाबाई उठली. आता तिला धड चालता येत नाही, तरी उठली आणि माझ्यावरच खेकसली, "जीव घेतं का वं त्याचा? मेलेल्या पोरीच्या नावानं असं करतेत का?" तिनं लुगड्याचा पदर तेलात बुडवून त्यांच्या पापण्या पुसल्या. त्या माणसानं विचारलं, "तुमचं नाव काय, आजी?"

"तानाबाई."

तो माणूस लाल डोळ्यांनी तिच्याकडे बघतच राहिला. वहीतली तानाबाई वाचून आला होता ना. त्या क्षणी त्याला कळलं की नावांच्या मागे कोण आहेत, आणि कुठल्या नावाचा कुठला नंबर हे जगात कोणाला माहीत आहे. मलाही कळलं की त्याला कळलं. तिथून भाव माझा होता.

मी म्हटलं, आधी लिहून द्या, मग वह्या. मराठीत लिहा, मला वाचता आलं पाहिजे. मग तेच इंग्रजीत, जिथे छापलं त्यांना. त्यांनी लिहिलं. ही गोष्ट प्रथम विशाखाच्या लक्षात आली, नोंदी तिच्या आहेत, तिचं नाव गाळण्याचा निर्णय माझा होता. सही केली. मी तो कागद उभी राहून मोठ्यानं वाचला, सगळ्या ढिगांना ऐकू जाईल असा. "गाळण्याचा निर्णय माझा होता" हे वाक्य दोनदा वाचलं. देवकानं मागणी केली म्हणून तिसऱ्यांदा वाचलं. इंग्रजी पत्र त्यांनी तिथेच बसून फोनवरून पाठवलं.

मी वह्या दिल्या. अकराच्या अकरा. शब्द फिरवला नाही. पण नावांचे नंबर सांगेन असं मी कुठे म्हटलं होतं? नंबराशिवाय कुठली नोंद कुठल्या जनावराची ते कोणाला लागणार नाही, आणि कॅलेंडरं माझ्या पेटीत आहेत.

आता आठवड्यातून दोनदा फोन येतो. "ताई, यमुनाबाई कोण? अनसूया म्हणजे कितवा नंबर?" मी म्हणते, "छापून आलं का सर?" ते म्हणतात, प्रक्रिया सुरू आहे. मी म्हणते, माझीही सुरू आहे. एकदा म्हणाले, "निदान 'बाई' म्हणजे राणीच ना, एवढं तरी सांगा." ते त्यांनी आपलं आपण ओळखलं. मला मात्र वही वाचेपर्यंत माहीत नव्हतं. रविवारी तू नुसतं "राणी" म्हणायचीस. वहीत लिहिलंयस, "बाई आज सगळ्यांना ढकलत फिरली. बसलेल्या उठल्या." आणखी एका ठिकाणी, "बाईनं ढकललं की राग येतो, पण पुढे जायला होतं." हे तू मला तोंडावर सांगितलं असतंस तर मी चिडले असते. चिडले असते आणि सातऱ्यावर सगळ्यांना सांगत सुटले असते. तुझ्या रागाबद्दलही आणि पुढे जाण्याबद्दलही तुझी ऋणी आहे. एवढंच गोड बोलता येतं मला.

तू म्हणत असशील, बाई, दे आता, जनावरांचं काम अडलंय. अडू दे. ती तीस वर्षं जगतात ना, थांबतील चार महिने. तुझं नाव पहिलं छापून येईल त्या दिवशी मी सगळे नंबर देईन, एका कागदावर, चांगल्या अक्षरात. त्याआधी एकही नाही. तुझी शेवटची इच्छा मी मोडतेय हे मला कळतं. तू माफ केलंस म्हणून मी करावं, असं आपल्यात कधी ठरलं नव्हतं.

एक गोष्ट राहिली. वह्यांत एक नाव आहे, फुला. ते मी ठेवलेलं नाही. सगळी कॅलेंडरं पालथी घातली, कुठे नाही. सातऱ्यावर फुला नावाची बाई कधी नव्हती. तानाबाईला विचारलं, देवकाला विचारलं, मायच्या माहेरच्या गावी जाऊन विचारून आले. कोणाला ठाऊक नाही. फुला त्या आठ महिन्यांतली आहे, आपण बोलत नव्हतो तेव्हाची. तिचं नाव तू एकटीनं ठेवलंस. तिच्याच नोंदी सगळ्यांत लांब आहेत. एका पानावर एवढंच आहे, "फुला नळीच्या तोंडाशी बसून हाका देत होती. आज रविवार."

सरांना तीच सर्वांत जास्त हवी आहे. दर फोनला विचारतात, फुला कोण, तिचा नंबर काय, ती अजून आहे का. मला यातलं काहीच माहीत नाही, विशाखा. सरांना मात्र मी सांगून ठेवलंय, ते नाव सगळ्यांत शेवटी देईन.